ओतिलियाचा परिच्छेद

तिसरा साक्षीदार कोण, हे नतेर्सियाने पत्ते पिसता पिसताच ठरवून टाकलं.

"सेराफिम. दुसरं कोण असणार?" ती म्हणाली. "एवढी वर्षं कंपनीच्या गेटवर खुर्ची टाकून कोण बसलं होतं? मी?"

सेराफिम तिच्या डाव्या हाताला बसला होता. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "पत्ते वाट, बाई," एवढंच म्हणाला.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी ही चौघं बसायची. ओतिलिया आणि सेराफिम भिडू. त्यांच्याविरुद्ध नतेर्सिया आणि ओतिलियाचा नवरा झेफेरिनो. डाव सुरू झाला की तोंडातून शब्द काढायचा नाही, भिडूला खूण करायची नाही, हा खेळाचा पक्का नियम. म्हणून नतेर्सिया पिसायलाच भरपूर वेळ लावायची. जे काही बोलायचं ते पिसताना.

आणि आज तिच्याकडे बोलायला खूप होतं. तिचा मुलगा देलियो अजून टार्नक्विस्टमध्ये नोकरीला होता. बाकी तिघं, म्हणजे झेफेरिनो सोडून, तिथूनच निवृत्त झालेली. शाळा-कॉलेजांना इंटरनेटची यंत्रं विकणारी ही कंपनी. कुणी न मागवलेला माल पाठवून विक्री फुगवून सांगितली होती असं बाहेर आलं, शेअर कोसळला, आणि त्या खोट्या आकड्यांवर भरवसा ठेवून ज्यांनी ज्यांनी शेअर घेतले होते त्या सगळ्यांच्या वतीने त्यांच्याच शहरातल्या, म्हणजे सॅन होझेच्या, फेडरल कोर्टात एक भलामोठा दावा दाखल झाला. दाव्यात कंपनीतल्या जुन्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी होत्या. माणसांची नावं नव्हती, नुसते नंबर. देलियोने त्याची प्रत आईच्या फोनवर पाठवली होती.

"आख्खं ऑफिस कामधाम सोडून हेच करतंय म्हणे," नतेर्सिया म्हणाली. "एक नंबर कोण, दोन नंबर कोण. पैजा लावल्यात मेल्यांनी. ऐका." तिने पत्ते खाली ठेवले आणि फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "साक्षीदार क्रमांक तीन. पंधरा वर्षांहून अधिक काळ सॅन होझेच्या इमारतीत नोकरी. दर तिमाहीच्या अखेरीस ट्रक भरभरून माल बाहेर जाताना, आणि पुढच्या महिन्यात तोच माल परत येताना, या व्यक्तीने स्वतः पाहिला आहे." फोन खाली आला. "पाहिला आहे म्हणे. डोळे फुटले असते तर बरं झालं असतं. कंपनी बुडाली की माझ्या पोराने काय करायचं, ते नाही पाहिलं याने."

ओतिलियाने मनातल्या मनात पुन्हा मोजलं. पंधरा वर्षांहून जास्त. माल परत येताना. तीच ती. तिच्याशिवाय दुसरं कोण असणार?

डाव सुरू झाला. तिच्या हातात हुकमाची सत्ती होती, एक्क्याच्या खालोखाल मानाचं पान. ती तिने सरळ नतेर्सियाच्या एक्क्याखाली टाकली. सेराफिमने भुवया वर केल्या. झेफेरिनोने डाव संपेपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग म्हणाला, "आमच्या बायकोने आज दानधर्म काढलाय."

*

ओतिलिया ही गप्प राहू शकणारी बाई होती, पण खोटं बोलू शकणारी नव्हती. या दोन गोष्टींमधल्या चिंचोळ्या जागेत तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. लहानपणी पोर्तुगालच्या साओ जॉर्जे बेटावरून आई-बापाबरोबर कॅलिफोर्नियात आली ती हिल्मारला, गोठ्यांच्या गावात. बाप गाई पिळायचा. शाळेत पोरी नाक दाबायच्या तेव्हाही ती गप्पच राहिली, आणि बाईंनी "काय झालं गं?" विचारलं तेव्हा मात्र तिने काय झालं ते सगळं सांगितलं, मुलींच्या नावांसकट. विचारलं की सांगायचं. विचारलं नाही तर नाही.

लग्न करून सॅन होझेला आली. झेफेरिनो बसगाड्या दुरुस्त करायचा. नतेर्सिया तेव्हा टार्नक्विस्टच्या जुळणी खात्यात होती. तिने साहेबाकडे शब्द टाकला आणि ओतिलियाला चिकटवलं. पुढे ओतिलियाने सेराफिमसाठी शब्द टाकला, आणि कितीतरी वर्षांनी नतेर्सियाच्या देलियोसाठीही. या लोकांत नोकरी अशीच लागायची, चर्चच्या बाकांवरून. ओतिलियाला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून नतेर्सियाच उभी राहिली, आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणू लागल्या. सख्ख्या बहिणींचं भांडण मिटतं, पण कोमाद्रेशी भांडण झालं तर ते अख्ख्या गल्लीचं होतं.

ओतिलियाची जागा होती परत आलेल्या मालाच्या खोलीत. खोकं यायचं, का आलं ते बघायचं, चिठ्ठी लावायची, फळीवर ठेवायचं. बिघडलेलं यंत्र, चुकीचं यंत्र, पावसात भिजलेलं यंत्र. मग शेवटच्या काही वर्षांत वेगळीच खोकी येऊ लागली. ढिगाने. ज्यांना कुणी हातच लावला नव्हता अशी. ती साहेबाला म्हणाली, "ही का आली?" साहेब म्हणाला, "चिठ्ठी लाव, ओतिलिया." तिने लावली.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी फोन आला. हॅलोरन नावाची बाई होती, दावा लढवणाऱ्या वकिलांसाठी माहिती गोळा करणारी. ओतिलिया म्हणाली, "राँग नंबर." हॅलोरनबाई म्हणाल्या, "बरं. ठेवण्याआधी एवढंच सांगा, परत येणारी खोकी कधी न उघडलेली असायची का?"

झालं. कुणीतरी विचारलं होतं. फोन खाली ठेवला तेव्हा गॅसवरचा भात करपून कोळसा झाला होता. झेफेरिनो ताटावर बसून वाट बघत होता. "कोण होतं?" त्याने विचारलं, आणि तिने त्यालाही सगळं सांगितलं.

"आणि नतेर्सिया?" तो म्हणाला.

"तिने विचारलं नाही."

"ती कशी विचारेल, बाई? तिला काय स्वप्न पडणार आहे?"

*

पुढचे गुरुवार फार वाईट गेले. नतेर्सिया पत्ते पिसायची आणि सेराफिमला सोलून काढायची. "काय तीन नंबर, आज कॉफी कशी घेणार? कोर्टात देतात तशी?" किंवा, "जपून बोला रे, इथे एकाचे कान कॅलिफोर्नियाएवढे आहेत." सेराफिम ना हो म्हणायचा ना नाही. एकदा तेवढं म्हणाला, "बाई, तुझ्या तोंडाला सुट्टी नसते का गं?" आणि त्यावर नतेर्सिया, "बघा. नाही म्हणाला नाही. बघितलंत ना?"

ओतिलियाला घास गोड लागेना. आपल्या पापाची शिक्षा बिचारा सेराफिम भोगतोय. विधुर माणूस, घरी बोलायला कुणी नाही, आठवड्यात एक दुपार हसायची, तीही गेली. बरं, त्यात हॅलोरनबाईंचा पुन्हा फोन. कंपनीचे वकील कोर्टात म्हणत होते, ही निनावी माणसं खरी कशावरून? "गरज पडली तर तुम्ही स्वतःच्या नावाने सांगायला तयार व्हाल का?" त्यांनी विचारलं. "सक्ती नाही. विचार करून कळवा."

"चर्चचा फेश्टा होऊ दे, आमचा वर्षाचा सण," ओतिलिया त्यांना म्हणाली. "मग सांगते."

"फेश्टाचा काय संबंध?" झेफेरिनोने विचारलं.

"सणाच्या जेवणाचं सूप नतेर्सिया करते. तिने मला हॉलमधून हाकललं तर निदान सूप पाजून हाकलू दे."

"अगं, मग जा आणि सांग तिला."

"आधी सेराफिमला सांगते. ज्याच्यावर आळ आलाय त्याला आधी."

सेराफिम परसात होता. केल नावाच्या पालेभाजीची पानं खुडत होता, एकेक करून, बाळाचे कपडे वाळत घालावेत तसा हळुवार. ती कुंपणाशी उभी राहिली.

"सेराफिम, मला माफ कर," ती म्हणाली. "तीन नंबर मी आहे."

त्याने मान वर केली नाही. "नाही."

"नाही काय? मी सांगतेय ना. मीच बोलले त्या बाईशी."

"बोलली असशील. पण तीन नंबर मी आहे."

ओतिलियाला वाटलं हा आपल्याला वाचवायला बघतोय. "उगीच मोठेपणा करू नकोस. मालाच्या खोलीत मी होते. माल परत येताना मी पाहिला."

"आणि तो गेटातून आत कोण सोडत होतं, पोपमहाराज?" सेराफिमने पानांची जुडी टोपलीत ठेवली आणि कंबर सरळ केली. "ओतिलिया, मी त्या बाईला पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, माझा नंबर काय. सगळी हयात लोकांचे बिल्ले तपासण्यात गेली, स्वतःचा नंबर माहीत नसला तर मला झोप लागत नाही. तीन. मी तीन. तू चार आहेस."

"चार?"

"तू पुढचं वाचलंच नाहीस?"

तिने वाचलं नव्हतं. तीनपुढे वाचायची छाती झाली नव्हती. सेराफिमने घरातून कागद आणले. त्याने सगळा दावा छापून घेतला होता. तो त्यातल्या एका परिच्छेदावर बोट ठेवून उभा राहिला. साक्षीदार क्रमांक चार. वकिली इंग्रजीच्या त्या दगडगोट्यांमध्ये एक वाक्य अवतरणात होतं: 'खोक्यांच्या चिकटपट्टीवर नखाचा ओरखडासुद्धा नव्हता.'

"हे वाचलं," सेराफिम म्हणाला, "आणि मला तुझा आवाज ऐकू आला. नखाचा ओरखडासुद्धा. असं बोलणारं सगळ्या कंपनीत दुसरं कुणी नाही."

ओतिलिया कुंपणाच्या खांबाला टेकली. कुठून सुरुवात झाली कळलं नाही, पण तिला हसू फुटलं. इतके दिवस ती दुसऱ्याच्या परिच्छेदाच्या काळजीने वाळत होती. तिच्या स्वतःच्या परिच्छेदाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"म्हणजे नतेर्सियाचं बरोबरच होतं," ती डोळे पुसत म्हणाली.

"तिचं नेहमी बरोबरच असतं, तोच तर त्रास आहे."

"मग तू तिला सांगत का नाहीस?"

"सांगितलं की ती म्हणणार, एकटाच होतास का? आणि मला खोटं बोलता येत नाही. चार नंबर कोण ते मला ठाऊक." त्याने केलची एक जुडी तिच्या हातात कोंबली. "तुला कुणी विचारत नाहीये. गप्प बस, रस्सा कर, झोप."

त्या दिवशी ती चालत घरी गेली ती तरंगतच. तिचा जीव भांड्यात पडला होता. तिने रस्सा केला, झेफेरिनोला सगळं सांगितलं, दोघं पोट धरून हसली. दुपारी खुर्चीतच तिचा डोळा लागला, किती दिवसांनी. जाग आली तेव्हा मात्र पहिला विचार आला तो सेराफिमचा. त्याला ठाऊक होतं आणि तो तिच्या वाटचंही ऐकून घेत होता. एकदा नाही, दर आठवड्याला. अपराधीपणाचं ओझं उतरलं होतं, पण त्याच्या जागी साधी लाज आली होती, आणि लाजेवर इलाज सोपा असतो.

*

फेश्टाच्या आदल्या दिवशी हॉलच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. नतेर्सिया लांब टेबलाशी उभी राहून पाव कापत होती. ओतिलिया पुदिन्याची जुडी घेऊन तिच्या शेजारी गेली. झेफेरिनो पातेली उचलायच्या निमित्ताने मागोमाग आला.

"कोमाद्रे, बोलायचंय."

"बोल की. हात अडकलेत, कान मोकळे आहेत."

"चार नंबर मी आहे."

सुरी चालतच राहिली. "कसला चार नंबर?"

"दाव्यातला. साक्षीदार."

"चार पण आहे? मी तीनपर्यंतच वाचलं." मग सुरी थांबली. "तू?"

"मी."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." नतेर्सियाने सुरी खाली ठेवली, हात ॲप्रनला पुसले, पुन्हा पुसले. "माझा देलियो तिथे आहे, ओतिलिया."

तिने कोमाद्रे म्हटलं नाही. ते ओतिलियाच्या लक्षात आलं, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "ठाऊक आहे. त्याच्यासाठी शब्द मीच टाकला होता. म्हणून तर इतके दिवस तुझ्यासमोर बसून हरतेय."

"ते तू एरवीही हरतेस." नतेर्सिया म्हणाली. "आणि तो? गेटवाला?"

"त्याचं त्याला विचार."

"विचारायचं काय त्यात? त्याचं तोंड बघितलं की कळतं." नतेर्सियाने एक पाव ओढला आणि पुन्हा कापायला घेतला, आधीपेक्षा जाड जाड तुकडे. मग पावाकडेच बघत म्हणाली, "मला फोन आला होता. मंगळवारी. कंपनीच्या वकिलाचा."

ओतिलियाच्या हातातला पुदिना टेबलावर पडला.

"मधाळ आवाज. मॅडम, आपण तिथे एवढी वर्षं होतात, हा तीन नंबर कोण असेल असं आपल्याला वाटतं?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"सूप कसं करतात ते."

"काय?"

"म्हटलं, उद्यापासून माझ्यामागे सूप आहे, मला वेळ नाही. मग सांगितलं, मांस कुठलं घ्यायचं, कोबी कधी घालायची. तो म्हणाला, मॅडम, साक्षीदार. मी म्हटलं, थांबा हो, पुदिना राहिला. दालचिनीवर आमच्यात दोन मतं आहेत, तीही त्याला सांगितली. शेवटी तोच थँक यू म्हणाला आणि ठेवला."

"पण तू तर दर गुरुवारी सेराफिमचं नाव घेऊन घेऊन…"

"ते टेबलावर. टेबलावर मी पाद्रीबाबांनाही सोडत नाही. म्हणून कुणा कोटवाल्याला आपल्या माणसाचं नाव देऊ? माझं भांडण ते माझं. त्याला वापरायला द्यायला नाही ठेवलेलं." तिने पावाचा एक तुकडा उगाचच झटकला. "घाबरले होते गं मी. घाबरले की मी ओरडते, तुला काय ते नवीन आहे? काल देलियोला शेवटी विचारलंच. म्हटलं, खरं सांग, खोकी परत यायची का? तो म्हणाला, आई, तळमजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मग तू का नाही बोललास? तर म्हणे, मला रोज सकाळी तिथेच जायचं असतं. आणि आता सांगतो, दुसरीकडे मुलाखत देऊन आलाय, घेतलंय त्यांनी. आईला सांगायला याला फेश्टा उजाडावा लागला."

"घेतलं? देलियोला?"

"एक तारखेपासून. तू नको हुरळून जाऊस, मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. न सांगता केलंस, त्याचा राग आहे. केलंस त्याचा…" ती थांबली. "त्याचं बघू नंतर."

झेफेरिनो इतका वेळ रिकामं पातेलं छातीशी धरून उभा होता. आता त्याला राहवेना. "नतेर्सिया, तू पण कंपनीचे शेअर घेतले होतेस ना? नोकरांना सवलतीत देत होते तेव्हा, शेवटी शेवटी?"

"घेतले होते. आहेत अजून, शोभेला."

"मग तू पण दाव्यात आहेस. त्या काळात ज्यांनी ज्यांनी घेतले, त्या सगळ्यांच्या वतीने आहे तो."

"मी? मी कुणावर केस केलेली नाही. मी घरात बसले होते."

"घरात बसूनच होते ती. नको असेल तर पुढे लिहून कळवायचं असतं."

नतेर्सियाने ओतिलियाकडे पाहिलं. ओतिलियाने मान हलवली, खरंय म्हणून.

"म्हणजे इतके दिवस मी ज्यांना शिव्या घालत होते, त्यांच्यात मीही होते?"

"आणि काय एकेक घातल्यास," झेफेरिनो म्हणाला. "मी तर काही पाठच केल्यात."

आधी तिचे खांदे हलायला लागले. मग ती टेबलाला धरून वाकली, आणि ओतिलियाला क्षणभर कळेना की ही रडतेय का हसतेय. हसत होती. पलीकडच्या चुलीजवळच्या बायका वळून बघायला लागल्या. "काय झालं गं?" एकीने विचारलं. "काही नाही, कांदा," नतेर्सिया म्हणाली, आणि टेबलावर कांदा कुठेच नव्हता.

ओतिलियाने फोन काढला. आत्ता नाही केला तर पुन्हा विचार करत बसू, हे तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं. हॅलोरनबाईंनी लगेच उचलला.

"तुम्ही विचारलं होतंत ना, नाव द्यायला तयार आहे का," ओतिलिया म्हणाली. "आहे. कोर्टात विचारलं तरी सांगेन. कुणीही विचारलं तरी."

"नक्की ना, मिसेस बेटेनकोर्ट? घाई नाही. फेश्टा झाल्यावर म्हणाला होतात."

"आता त्याची गरज नाही."

"अगं, त्यांना सांग, त्या खोक्यांना चिठ्ठ्या तूच लावल्यास, दुसऱ्या कुणी नाही," नतेर्सिया मागून म्हणाली. "आणि विचार, उद्या जेवायला येतात का. वकिलांनाही आणा म्हणावं. आपल्या बाजूच्या."

"मागे कोण आहे?" हॅलोरनबाईंनी विचारलं.

"माझी कोमाद्रे," ओतिलिया म्हणाली. "ती विचारतेय, उद्या सूप प्यायला येता का."

साक्षीदाराच्या घरी जेवावं की नाही याचा हॅलोरनबाईंकडे काहीतरी नियम असावा. "मनापासून आभार सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "केस संपल्यावर नक्की येईन."

ओतिलियाने निरोप दिला.

"संपल्यावर? म्हणजे कधी?" नतेर्सियाने विचारलं.

"काही वर्षं लागतात म्हणे."

"लागू देत. सूप दरवर्षी असतं." तिने दुसरी सुरी ओतिलियापुढे सरकवली. "आता ते पाव घे. आणि बारीक काप, माझ्यासारखे जाड नको."